लॅग कुणामुळे होतो?

आपल्या शाळेच्या संगणक कक्षात दर शनिवारी माइनक्राफ्टचा तास असतो, हे आता बहुतेक पालकांना माहीत आहे. सातवी ते नववीची वीसेक मुले मिळून एक गाव बांधतात. गेल्या पालकसभेत या तासाबद्दल दोन तक्रारी आल्या. पहिली अशी, की मशीन फार हळू चालतात, शाळेने ग्राफिक्स कार्डे घ्यावीत. दुसरी अशी, की मुले एकमेकांची घरे पाडतात, चॅटमध्ये वाटेल ते लिहितात, तेव्हा हा प्रकार बंदच करावा. सभेने नेहमीच्या पद्धतीने पहिली तक्रार खरेदी समितीकडे आणि दुसरी शिस्त समितीकडे पाठवली. शनिवारी मदतनीस म्हणून मी त्या कक्षात बसते, म्हणून स्पष्ट लिहिते: ही वाटणीच मला चुकीची वाटते. दोन्ही तक्रारी मुळात एकच आहेत. त्या वेगळ्या केल्या तर एकीकडे पैसे वाया जातील आणि दुसरीकडे एक चांगला तास बंद पडेल.

आधी मशीनचे बोलू. तिथे आकडे आहेत, आणि आकडे समोर असले की वाद लवकर मिटतो.

माइनक्राफ्टचे जग सोळा बाय सोळा ठोकळ्यांच्या तुकड्यांत विभागलेले असते. या तुकड्याला चंक म्हणतात. सेटिंगमध्ये रेंडर डिस्टन्स नावाची एक पट्टी आहे. ती 8 वर ठेवली म्हणजे तुमच्या चारही बाजूंना आठ-आठ चंकांपर्यंतचे जग दिसणार. मुलांनो, इथे तुमचे वर्ग आणि वर्गमूळ उपयोगी पडतात. डावीकडे आठ, उजवीकडे आठ आणि मधला तुमचा स्वतःचा एक, असे सतरा. सतराचा वर्ग 289. पट्टी 16 वर नेली की 33 चा वर्ग, म्हणजे 1089. 32 वर नेली की 65 चा वर्ग, म्हणजे 4225. हिशेब ढोबळ आहे, पण मुद्दा कळायला पुरेसा आहे. अंतर दुप्पट केले की काम जवळजवळ चौपट होते. पट्टी सरकवताना मात्र बोटाला सारखेच श्रम पडतात, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही.

त्यात आणखी एक भर पडली. नोव्हेंबर 2021 मध्ये आलेल्या 1.18 या आवृत्तीने जगाची उंची 256 ठोकळ्यांवरून 384 केली. एका चंकमधल्या जागा त्यामुळे 65,536 वरून 98,304 झाल्या. वरच्या पुष्कळशा जागांत नुसती हवा असते हे खरे, पण खालच्या गुहा मोठ्या झाल्या आणि डोंगर उंच झाले. ज्या मशीनवर जुनी आवृत्ती सुरळीत चालत होती तेच मशीन नव्या आवृत्तीत अडखळू लागले, आणि घरोघरी पालकांना वाटले की मशीन बिघडले.

आपल्या कक्षातल्या मशीनमध्ये आठ जीबी रॅम आहे आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. एवढ्यावर खेळ नीट चालू शकतो. ग्राफिक्स ‘फॅन्सी’ऐवजी ‘फास्ट’ करा. तसे केले की झाडांची पाने आरपार दिसायची थांबतात आणि पानांमागची पाने काढण्याचे काम वाचते. ढग बंद करा, धूर आणि ठिणग्यांचे कण कमीत कमी ठेवा. चित्रांचा वेग सेकंदाला साठपाशी रोखा, कारण त्याहून जास्त चित्रे कक्षातले पडदे दाखवूच शकत नाहीत. वाढीव कामातून फक्त उष्णता निघते. इंदूरच्या मे महिन्यात ही उष्णता लहान गोष्ट नाही. प्रोसेसर तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून मंदावतो. दिवाळीत आपण घर झाडतो, तसे मशीनच्या पंख्यातली धूळ वर्षातून एकदा काढली तर पुष्कळ फरक पडतो. सोडियम नावाची एक फुकट पुरवणी मिळते. ती चित्र काढण्याची पद्धतच सुधारते आणि जुन्या मशीनला खरोखर हात देते.

खरेदी समितीला काही घ्यायचेच असेल तर तिने रॅमच्या एका स्टिकच्या जोडीला तशीच दुसरी स्टिक घ्यावी. वेगळे कार्ड नसलेले मशीन चित्रांसाठी तीच मेमरी वापरते, आणि दोन स्टिक असल्या की तिच्याकडे जाण्याचा रस्ता दुपदरी होतो. कार्डाच्या किमतीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

हे सगळे झाले आपापल्या मशीनचे. पण मुले ज्याला लॅग म्हणतात तो प्रत्येक वेळी आपल्या मशीनचा नसतो, आणि इथेच खरेदी समितीची फसगत व्हायची शक्यता आहे.

एकत्र खेळताना जग एका मशीनवर जगत असते. त्याला सर्व्हर म्हणतात. आपल्याकडे खिडकीजवळचे मशीन हे काम करते. सर्व्हरचे घड्याळ सेकंदाला वीस ठोके देते. प्रत्येक ठोक्याला, म्हणजे 50 मिलिसेकंदांत, त्याला जगातल्या सगळ्या गोष्टी एक पाऊल पुढे न्यायच्या असतात. गाई चालायला हव्यात, पीक वाढायला हवे, पाणी वाहायला हवे, कुणी दार उघडले तर ते उघडायला हवे. हे काम 50 च्या ऐवजी 100 मिलिसेकंद चालले तर सेकंदात दहाच ठोके पडतात आणि सगळे गाव निम्म्या वेगाने जगू लागते. रंगपंचमीच्या गेरेत पुढची एक गाडी अडली की मागची सगळी गर्दी जागच्या जागी थांबते. तुमच्या पायात नवे बूट आहेत की जुनी चप्पल, याने तेव्हा काही फरक पडत नाही.

दोन्हींतला फरक ओळखणे सोपे आहे. मान वळवताना चित्रच झटके खात असेल तर दोष आपल्या मशीनचा किंवा सेटिंगचा. चित्र लोण्यासारखे सरकते, पण फोडलेला ठोकळा क्षणभराने परत उगवतो, दार उशिरा उघडते, तर सर्व्हरवर किंवा नेटवर्कवर ताण आहे. एका पालकांना दुकानदाराने ‘लॅग आहे ना, मग कार्ड बदला’ म्हणून महागडे कार्ड विकले. घरच्या मशीनवर चित्रे भराभर येऊ लागली, पण मुलगा ज्या सर्व्हरवर खेळतो तिथले दार पूर्वीसारखेच उशिरा उघडते.

आता आपल्या गावाकडे येऊ. पावसाळ्यानंतर सलग तीन शनिवार गाव असेच रेंगाळत होते. मुलांनी आणि मी बसून शोधले तेव्हा दोन कारणे सापडली. पहिले म्हणजे सर्व्हरवरचे दृश्य-अंतर. मूळ आकडा 10 असतो. लांबचे डोंगर सगळ्यांना दिसावेत म्हणून कुणीतरी हौसेने तो 16 केला होता. वीस मुले वीस दिशांना गेली तर सर्व्हरला जवळजवळ 21,780 चंक सांभाळावे लागतात. तोच आकडा 8 ठेवला तर 5,780. दुसरे कारण कोंबड्या. आठवीच्या एका गटाने गावाबाहेर खुराडे बांधले, अंडी फेकत राहिले, आणि कोंबड्यांची संख्या शेकड्यांत गेली. एका ठोकळ्याच्या जागेत 24 पेक्षा जास्त प्राणी कोंबले की जादाचे चिरडून मरतात, अशी सोय खेळातच आहे. पण खुराडे ऐसपैस होते, त्यामुळे ती सोय कामाला आली नाही. प्रत्येक कोंबडीने आता कुठे पाऊल टाकायचे हे सर्व्हर सेकंदाला वीस वेळा ठरवत बसला होता.

गटाला सांगितले तर उत्तर तयार होते: “काकू, आमच्या जागेत आमच्या कोंबड्या. कुणाचं घर तर पाडलं नाही ना?”

या उत्तरात तथ्य आहे. कुणी कुठलाही नियम मोडला नव्हता. तसा नियमच नव्हता. तरी वीस जणांची दारे उशिरा उघडत होती. आणि घरे पाडण्याचे सत्र कधी सुरू झाले, तर याच तीन शनिवारी. ज्यांची कामे अडत होती त्यातल्या एकाने रागाने खुराड्याची भिंत फोडली, मग त्याचे घर फुटले, मग चॅटमध्ये शब्दाला शब्द लागला. शिस्त समितीसमोर या मालिकेचा शेवटचा भाग आला आहे. पहिला भाग खरेदी समितीकडे पडून आहे.

हे फक्त आपल्या शाळेत घडले असे समजू नका. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात पॅव्हेल कर्टिस यांनी 1990 मध्ये लॅम्डामू नावाचे आभासी जग सुरू केले. त्यात चित्रे नव्हती, सगळे शब्दांत. खोली शब्दांत, बाग शब्दांत, माणसेही शब्दांत. तरी तिथे लॅग होताच, कारण लोक वस्तू निर्माण करत सुटले आणि सर्व्हरची मेमरी पुरेना. मग कुणाला किती जागा द्यायची हे ठरवायला रहिवाशांचे एक मंडळ नेमावे लागले. जागावाटप हा वरवर तांत्रिक प्रश्न, पण त्यावरून रुसवेफुगवे, गट, वशिल्याचे आरोप सगळे झाले. आपल्याकडच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत बसलेल्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल.

डिसेंबर 1992 मध्ये तिथल्या चालकांनी जाहीर केले, की आम्ही यापुढे फक्त तांत्रिक कामे पाहू. माणसांची भांडणे तुमची तुम्ही सोडवा. पुढच्याच वर्षी एका सदस्याने इतरांचा फार ओंगळ छळ केला आणि त्याचे काय करायचे हे ठरवण्याची कुणाजवळ रीतच नव्हती. नंतर अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली. तीही अडखळत चालली. शेवटी मे 1996 मध्ये चालकांनी उघड मान्य केले, की तांत्रिक निर्णय आणि सामाजिक निर्णय वेगळे ठेवणे शक्य झालेले नाही, आणि सूत्रे पुन्हा हाती घेतली. आपल्या सभेने जी वाटणी केली, तीच वाटणी तिथे जाणत्या माणसांनी करून पाहिली होती आणि साडेतीन वर्षांत मोडीत काढली.

चित्रे आली तरी प्रश्न बदलला नाही. 2003 मध्ये सुरू झालेल्या सेकंड लाइफमध्ये (हे मोठ्यांचे जग आहे, मुलांना तिथे पाठवा असे मी म्हणत नाही) लोक आपल्या पात्राला दागिने, झालरी, केसांच्या बटा असे काय काय चढवतात. सभागृहात तुम्ही नटून आलात की तुमचे नटणे इतर प्रत्येकाच्या मशीनला रंगवावे लागते. हौस तुमची, घाम शेजाऱ्याच्या प्रोसेसरला. 2016 मध्ये त्या कंपनीने एक युक्ती काढली. प्रत्येक पात्राच्या पेहरावाचे वजन आकड्यात मोजायचे आणि आपले मशीन किती वजनापर्यंत रंगवेल ही मर्यादा ज्याची त्याने ठरवायची. त्याहून जड पात्र नुसत्या एकरंगी बाहुल्यासारखे दिसते. शिवाय, आसपासच्या पुष्कळांना तुम्ही नीट दिसत नाही, हे त्या नटलेल्यालाही कळवायचे. मला हा उपाय फार आवडला. कुणाला शिक्षा नाही, कपड्यांवर बंदी नाही, पण आपला भार दुसऱ्यावर किती पडतो हे स्वतःला दिसते.

काहींचे म्हणणे असते, की नियमच नकोत, मुले आपापले शिकतात. त्यांच्यासाठी टूबीटूटी नावाचा माइनक्राफ्टचा सर्व्हर आहे, डिसेंबर 2010 पासून चालू. तिथे वागण्याचे काही नियम नाहीत. जिथे नवा माणूस उतरतो तिथला मैलोन्‌मैल परिसर उद्ध्वस्त झालेला आहे. पण गंमत अशी, की तिथेही चालकांना वेगाने उडण्यावर आणि सर्व्हर ठप्प पाडणाऱ्या यंत्रांवर बंधने घालावी लागली. काही लोक मुद्दाम अशी यंत्रे बांधत होते. 2016 मध्ये गर्दी लोटली तेव्हा रांगही लावावी लागली. चोरी चालेल, जाळपोळ चालेल, पण सर्व्हर अडवणे चालणार नाही, एवढे नियम त्या बेबंद जगालाही टाळता आले नाहीत.

याच्या अगदी उलट टोकाला ऑटक्राफ्ट आहे. कॅनडातल्या स्टुअर्ट डंकन यांनी तो 2013 मध्ये स्वमग्न मुलांसाठी सुरू केला, कारण इतर सर्व्हरवर या मुलांना छळून हाकलले जात होते. तिथे यादीत नाव असल्याशिवाय प्रवेश नाही. मोठी माणसे सतत हजर असतात, आणि वागणुकीची अपेक्षा मोजक्या शब्दांत सांगितलेली असते.

आपल्या गावासाठी मला जे योग्य वाटते ते असे. नियम मुलांनीच लिहावेत, आणि त्यांत मोजता येणाऱ्या गोष्टी आधी याव्यात. ‘सर्वांशी चांगले वागावे’ हे भिंतीवर लावायला छान आहे, पण त्यावरून कुठलेही भांडण सुटत नाही. ‘एका गटाचे प्राणी चाळीसपेक्षा जास्त नकोत’ यावरून सुटते. मोजायचे आणि सांगायचे. सर्व्हरचे दृश्य-अंतर 8. माल ओढणारे हॉपर किती, हे गटागटाने ठरवून घ्यावे. दर शनिवारी एक विद्यार्थी सर्व्हरचा वेग वहीत नोंदवील आणि वेग घसरला तर कारण शोधायचे काम त्याच्याकडे. ही चौकीदारी दर आठवड्याला बदलावी, नाहीतर तिची पाटीलकी होते. कुणी कुठला ठोकळा कधी काढला याची नोंद ठेवणारी कोअरप्रोटेक्ट नावाची पुरवणी मिळते. तिच्या मदतीने पाडलेले घर पुन्हा उभे करता येते आणि ‘मी नाही, त्याने’ हा अर्धा तास वाचतो.

मोठ्यांनी मात्र पूर्ण बाजूला होऊ नये. चॅटमधले अपशब्द, एखाद्याला एकटे पाडणे, अनोळखी माणसाने गावात शिरणे, हे मुलांच्या मतदानावर सोडायचे विषय नाहीत. प्रवेशाची यादी शिक्षकांकडेच असावी. कंपनीकडे चॅटची तक्रार करण्याची सोय 2022 पासून आहे, पण आपल्या वर्गातल्या मुलाची तक्रार स्टॉकहोमला पाठवण्याआधी त्याच्याशी बोलणे बरे. पैशांचा विषयही मोठ्यांचाच. 2014 मध्ये मोजांग कंपनीने नियम केला, की सर्व्हरचालकांनी पैसे घेऊन खेळात वरचढ करणाऱ्या गोष्टी विकू नयेत. तरी बाहेरच्या सर्व्हरवर असे दुकान कुठे दिसले तर मुलांनी घरी सांगावे.

एक आक्षेप उरतो, आणि तो करणाऱ्यांत आमचे ज्येष्ठ विश्वस्तही आहेत: मुलांनी मैदानावर खेळावे, हे कशाला? मैदानावर खेळावेच. शनिवारचा तास एकच आहे, तो दीड करा अशी माझी मागणी नाही. पण हा तास बंद केला तर ही मुले खेळायची थांबणार नाहीत, घरी बसून अनोळखी सर्व्हरवर खेळतील. तिथे चॅटमध्ये कोण आहे हे त्यांना माहीत नसेल आणि आपल्यालाही नसेल. शिवाय कोंबड्यांचा प्रश्न आठवीच्या गटाने कसा सोडवला तेही सांगायला हवे. खुराडे वाटून त्यांनी तीन गटांना कोंबड्या दिल्या, उरलेल्यांचे गावजेवण केले, आणि त्या बदल्यात नदीकाठची जागा मागून घेतली. भिंत फोडणाऱ्याने भिंत बांधून दिली. कुणीही सांगितले नव्हते.

दोन्ही समित्यांनी आपापले अहवाल देण्यापूर्वी एकदा एकत्र कक्षात यावे, अशी विश्वस्त मंडळाला विनंती आहे. येत्या चार शनिवारी सर्व्हर 8 वर असेल, कार्ड एकही नवीन नसेल, आणि वेगाची वही दाराजवळच्या टेबलावर असेल. तास सकाळी साडेनऊला सुरू होतो. पाहुण्यांसाठी एक मशीन रिकामे ठेवले आहे. दार कसे उघडायचे ते सातवीतले कुणीही दाखवील.